दही लागेपर्यंत

ते राज्य चार पायांवर उभं होतं आणि चारही पाय पाण्यात होते.

बाहेरचे लोक त्याला जाळीचं कपाट म्हणत असतील. आत राहणारे त्याला राज्यच म्हणत. वर, मध्ये आणि खाली असे त्याचे मजले होते, भोवती बारीक जाळी होती, आणि कोपऱ्यातले लाकडी पाय तळापासून माथ्यापर्यंत खांबांसारखे गेलेले होते. प्रत्येक पायाखाली पाण्यानं भरलेली एक खोलगट वाटी. मुंगीला पोहता येत नाही, या एका गोष्टीवर सगळ्या राज्याची झोप टेकलेली होती. सकाळी दोघं भेटले की एकानं म्हणायचं, “पाणी आहे ना?” आणि दुसऱ्यानं म्हणायचं, “आहे, आहे.” मग पुढची बोलणी.

त्या राज्याला अभिमान होता तो विरजणाचा. मधल्या मजल्यावर दह्याची दगडी असे. काळ्या दगडाची, जाड बुडाची, मुळातच कमी बोलणारी. रोज सकाळी तिच्यात कोमट दूध येई, कालच्या दह्याचा चमचा त्यात मिसळला जाई, आणि दिवेलागणीपर्यंत आजचं दही लागे. आजचं कालच्यातून, कालचं परवाच्यातून. शेजारपाजारची राज्यं कधी ना कधी रिकामी वाटी घेऊन विरजण मागायला निघाली होती. या राज्यावर ती वेळ आलेली नव्हती, आणि तिथली मंडळी हे येताजाता एकमेकांना ऐकवत.

दही लागत असताना हललं तर लागत नाही, पाणी सुटतं. म्हणून तिथं कायदा होता की दूध विरजल्यापासून दिवे लागेपर्यंत कुणी हलायचं नाही, वाजायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. कायदा सगळे पाळत. पाळणं सोपंही होतं, कारण बहुतेकांना नाहीतरी हलायचं नसायचं.

न जमणारी एकच होती, ती म्हणजे दगडीवर बसणारी झाकणी.

झाकणी नवी होती, स्टीलची, पातळ. तिची कड एका ठिकाणी किंचित उचललेली होती, त्यामुळे ती कधी पुरती टेकत नसे. लांब कुठे दार आपटलं, कुणी पाट सरकवला, की ती थरथरे आणि दगडाच्या काठावर खडखडे. मग स्वतःच्याच आवाजानं पुन्हा दचके. “झाली हिची सुरू,” आजूबाजूचे म्हणत. ती लाजून गप्प बसे, पण गप्प बसल्यावरही आतून हलत राही. दगडी तिला काही बोलत नसे. एवढ्या जड बाईनं आपल्याला डोक्यावर घेतलंय, तर आपण निदान तिच्या दुधाला तरी जपावं, असं झाकणीनं मनाशी धरलेलं होतं.

तिला पहिल्यांदा जे खटकलं ते अगदी चिमूटभर होतं. मधल्या मजल्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, पायाला लागून, पिवळसर भुकटीची एक लहानशी ढिगोळी पडलेली होती. आदल्या दिवशी ती तिथं नव्हती. भुकटी काही करत नव्हती, नुसती पडलेली होती. तरी झाकणीची नजर तिच्यावरून हटेना. आणि ती बघत असतानाच वरून कुठून तरी आणखी एक कण आला आणि ढिगोळीच्या टोकावर अलगद बसला.

झाकणी खडखडली.

“शूऽऽ!” वरच्या मजल्यावरून आवाज आला. “दही लागतंय!”

तो बरणीकाकूंचा आवाज होता. लोणच्याची जुनी बरणी ती. तोंडाला फडकं बांधलेलं असूनही तिचं तोंड कधी बंद नसे, आणि राज्यात न्यायनिवाडा तिच्याकडे असे.

दिवे लागले, दही लागलं, आणि मग सगळे कोपऱ्यात जमले. भुकटी पाहिली. पिवळट, बारीक, कोरडी. बरणीकाकूंनी एका नजरेत ओळखली.

“रवा आहे,” त्या म्हणाल्या. “रव्या, ये पुढे.”

रव्याचा डबा पुढे आला. बिचारा पत्र्याचा होता, थोडा पोचे पडलेला. “काकू, माझा नाही हा. माझा जाडा आहे. हा बघा, हा नुसता पिठासारखा.”

“तुझं झाकण सैल आहे की नाही, तेवढं सांग.”

“सैल आहे, पण...”

“मग झालं! सांडतोस आणि वर जाडाबारीक शिकवतोस आम्हाला.”

सगळे हसले. सांडशीनं, जी राज्यात हुकमाची ताबेदार होती, डब्याचं झाकण घट्ट दाबून बसवलं. फडक्यानं कोपरा पुसला. झाकणीलाही बरं वाटलं. रवाच तर होता! आपण उगाच. कोपरा पुसलेला, स्वच्छ, चकचकीत दिसत होता, आणि ती त्या रात्री कितीतरी वेळ त्या स्वच्छ कोपऱ्याकडेच बघत राहिली.

सकाळी ढिगोळी पुन्हा होती. कालच्याइतकीच, कालच्याच जागी.

रव्याचं झाकण घट्टच होतं. ही गोष्ट झाकणीनं सांगितली, रव्याच्या डब्यानं तर छाती पुढे काढून दाखवली. पण एव्हाना त्या भुकटीला नाव पडलेलं होतं. “रवा सांडलाय,” असं म्हणून फडकं ती पुसून टाकी. पुसण्याचा आता नेम झाला. सकाळची कामं असतात तसं तेही एक.

मग एके दुपारी, दही लागत असताना, मुंगळा आला.

मोठा, काळा, एकटा. तो जाळीतून आला नाही, दारातूनही नाही. झाकणीनं मान वळवली तेव्हा तो मधल्या फळीवर होताच. त्याच फळीच्या कडेला गुळाची ढेप बसलेली असे. ढेपाक्का म्हणत तिला. उन्हाळ्यात जरा पाझरे, पण मनाची गोड. मुंगळा सरळ तिच्यापाशी गेला आणि तिला वळसा घालून पुढे निघाला. थांबला नाही, हुंगलं नाही. त्याच्या तोंडात पिवळ्या भुकटीचा एक कण होता. कामावरून घरी निघालेल्या माणसासारखा तो कोपऱ्याकडे गेला आणि पायाच्या मागे दिसेनासा झाला.

“मुंगळा!” झाकणी ओरडली आणि अशी वाजली की फळीवरची वाटी शहारली.

त्या दिवशी दही लागलं, पण पातळ लागलं. संध्याकाळी सभा बसली.

तांब्याराव आले. पाण्याचं खातं त्यांच्याकडे. सकाळसंध्याकाळ खाली उतरून पायांच्या वाट्या भरणं हे त्यांचं काम, आणि ते काम करताना त्यांची मान नेहमी ताठ असे, त्यामुळे पाणी वाटीत पडलं की नाही हे ते आवाजावरून ठरवत.

“मुंगळा आला म्हणजे पाणी आटलं असणार,” ते म्हणाले. “आजपासून वाट्या काठोकाठ. वाहिलं तरी चालेल.”

“आणि आला कशाला, ते बघा ना,” बरणीकाकू म्हणाल्या. “मुंगी येते ती गोडावर. शास्त्र आहे ते.” त्यांनी नुसतं ढेपाक्काकडे पाहिलं.

“अहो, पण त्यानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही!” झाकणी म्हणाली. “त्याच्या तोंडात ती भुकटी होती. तो बाहेरून आल्यासारखा वाटतच नव्हता, तो... तो इथलाच असल्यासारखा चालत होता.”

“इथलाच?” बरणीकाकूंनी विचारलं. “म्हणजे आमच्यातला?”

“तसं नाही...”

“काय गं, तुला झोप लागते का नीट?”

पुन्हा हशा झाला. झाकणीचे कान लाल झाले असते, तिला कान असते तर.

ढेपाक्काला राज्याबाहेर काढायचं ठरलं. जाळीपलीकडे एका खुंटीला शिंकं होतं, त्यात. सांडशीनं तिला उचललं तेव्हा तिच्या अंगाचा एक ओला गोल डाग फळीवर राहिला. जाता जाता ती झाकणीपाशी थांबली.

“एक सांगू का, पोरी?” ती म्हणाली. “माझा जन्म गेला मुंग्यांत. काळ्या, तांबड्या, पंखाच्या, सगळ्या आल्या माझ्याकडे. आजवर मला मुंगीनं ओळख दिली नाही असं झालं नव्हतं. हा पहिलाच. ज्याला गूळ नकोय त्याला काय हवं असतं गं?”

त्या दिवसापासून झाकणीला दुसरं काही सुचेना.

राज्यात मात्र आता उत्साह आला होता. काहीतरी करायला मिळालं की माणसं एकमेकांशी बरी वागतात. सगळ्या उंबऱ्यांवर हळदीची रेघ ओढली गेली, मुंगी हळद ओलांडत नाही म्हणून. कोपऱ्याकोपऱ्यात लवंगा पडल्या, कापराचा तुकडा ठेवला. दारातली रेघ तर इतकी सुबक आली होती की दिवे लागल्यावर मंडळी ती बघायला म्हणून येत.

दोन दिवसांनी रेघेपाशी एक मुंगळा थांबलेला सापडला. हळदीच्या काठाशी, मिशा हलवत, पुढचं पाऊल उचललेलं.

“बघा!” तांब्याराव म्हणाले. “आला, आणि अडला! याला म्हणतात बंदोबस्त.”

टाळ्या पडल्या. कुणी तरी बरणीकाकूंना हळद लावली. झाकणी मधल्या मजल्यावरून वाकून वाकून बघत होती. तिला टाळ्या वाजवायच्या होत्या, अगदी मनापासून. पण मुंगळ्याचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं. आत येणाऱ्याला रेघेनं अडवलं असतं तर तोंड आत असतं. हा आतून निघालेला होता. त्याला बाहेर कुठेसं जायचं होतं, आणि रेघ आडवी आली म्हणून तो वळला, काही न बोलता, पुन्हा कोपऱ्याकडे.

“काकू,” ती म्हणाली, “त्याचं तोंड...”

“आता काय तोंडं बघत बसायची का मुंगळ्यांची?” बरणीकाकू म्हणाल्या. “एवढं चांगलं झालंय, तर तुझं काहीतरी आहेच.”

मग पंख सापडले. सकाळी फळीवर विखुरलेले होते, लांबट, पारदर्शक, उन्हात चमकणारे. पंखच नुसते. ज्यांचे होते ते कुठेच नव्हते. बरणीकाकूंनी सांगितलं की लसणाची सालं आहेत. लसणाच्या सालीला अशा शिरा नसतात, झाकणीनं म्हणून पाहिलं. आणि उडून येणाऱ्याला पाण्याचं काय, असंही ती बोलून गेली. ते ऐकून तांब्याराव घसा खाकरून म्हणाले, “पाणी आहे ना?” आणि सगळे एका सुरात म्हणाले, “आहे, आहे.” त्यावर फडक्यानं पंख पुसून नेले.

झाकणी आता दिवसभर ऐकत असे. दही लागतानाची ती शांतता पूर्वी तिला जाच वाटे. आता तिला त्या शांततेत आवाज येऊ लागला. मागच्या डाव्या पायातून यायचा. अगदी क्षीण, सुकी पानं मुठीत चुरावीत तसा. मधूनच थांबे. आपण ऐकतोय हे कळल्यासारखा थांबे. तिनं श्वास सोडला की पुन्हा सुरू.

आणि दूध वाकडं झालं.

हे इतर कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. दुधाला वरून बघणारी फक्त झाकणी. दगडीच्या काठापासून दूध सगळीकडे सारख्या अंतरावर असायचं. आता मागच्या डाव्या बाजूला ते काठाच्या जवळ आलेलं होतं, समोरच्या बाजूला दूर गेलेलं. फरक लवंगेच्या जाडीएवढा. दुसऱ्या दिवशी लवंगेहून थोडा जास्त. दूध खोटं बोलत नाही. ते आपलं सपाट राहतं, आणि भोवतीचं जग किती कललंय ते गुपचूप दाखवतं. झाकणीला गरगरलं. तिनं स्वतःला घट्ट धरलं, काठाला चिकटून राहिली, वाजायचं नाही, वाजायचं नाही, असं घोकत राहिली. तेवढ्यात पायातून कसलासा कट् असा आवाज आला आणि दूध एकदम आणखी एका रेघेनं सरकलं.

ती वाजली. दुपारभर वाजत राहिली. “पाय बघा! मागचा डावा पाय! कुणीतरी पाय बघा!”

त्या संध्याकाळी दही लागलं नाही. दगडीत वर पिवळं पाणी आणि खाली गुठळ्या.

राज्यात असं कधी झालेलं नव्हतं. दगडीच्या तळाशी, एका कडेला, आदल्या दिवसाचं जेमतेम चमचाभर दही चिकटून राहिलेलं होतं. तेवढंच विरजण. उद्या त्याचं दही लागलं तर लागलं. नाहीतर राज्याला हातात वाटी घेऊन शेजारी जायचं, आणि शेजारी विचारणार, काय हो, तुमच्याकडचं तर कधी संपत नाही ना?

“हलवलं कुणी?” बरणीकाकूंनी विचारलं. त्यांचा आवाज या वेळी बारीक होता.

कुणी उत्तर द्यायची गरज नव्हती. अख्खी दुपार सगळ्यांनी ऐकलेली होती.

“मी वाजले,” झाकणी म्हणाली, “पण हललं ते माझ्यामुळे नाही. राज्यच हललं. दूध एका बाजूला गेलंय, मागच्या डाव्या बाजूला. पायात काहीतरी आहे. एकदा कुणी तरी नुसतं वाकून बघा. नसलं काही, तर मी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, शपथ.”

“पाय?” तांब्याराव म्हणाले. “रोज दोनदा जातो मी पायांकडे. पाणी काठोकाठ आहे. पायाला काय धाड भरलीय?”

“तुम्ही बघता का पण खाली?”

ही चूक झाली. तांब्यारावांची मान आणखी ताठ झाली. रव्याचा डबा काही बोलणार होता, पण त्याचं झाकण इतकं घट्ट बसवलेलं होतं की आवाज बाहेर आला नाही.

निवाडा लांबला नाही. झाकणीला दगडीवरून काढायचं आणि खालच्या मजल्याखाली, अगदी तळाशी, पायाला टेकवून उभी ठेवायची; भोवती फडकं कोंबायचं, म्हणजे वाजणार नाही. दगडीवर पितळेची जड ताटली ठेवायची आणि ताटलीवर खलाचा बत्ता, म्हणजे काहीही झालं तरी हलणार नाही.

“बत्ता नको!” झाकणी म्हणाली. “अजून वजन नको त्या बाजूला, काकू, मी पाया पडते...”

“पडायला कुठला पाय पुढे करू ते तूच सांग,” बरणीकाकू म्हणाल्या. “तुला सगळ्याच पायांत खोट दिसतेय.”

सांडशी आली. तिनं कड धरली तेव्हा दगडी पहिल्यांदा बोलली, अगदी हळू, दोघींनाच ऐकू जाईल असं.

“मला कळतं गं,” ती म्हणाली. “माझ्या डाव्या कुशीला जड लागतंय. कधीचंच लागतंय.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत, मावशी?”

“मी बोलले तर दही हलेल.”

झाकणी खाली आली.

सकाळी दूध आलं, शेवटचा चमचा त्यात मिसळला गेला, वर ताटली आणि बत्ता ठेवला गेला, आणि राज्यावर अशी शांतता पसरली की तशी आधी कुणी पाळली नव्हती. सगळे श्वास धरून होते. सगळ्यांना खरंच मनापासून वाटत होतं की आज दही लागावं. झाकणीलाही तेच वाटत होतं, आणि म्हणूनच तिला उभं राहवत नव्हतं.

तळाशी ती याआधी कधी आलेली नव्हती. इथं उजेड कमी होता, ओल होती. पायांशी कुणी बोलत नसे. ते राज्याचे होते पण राज्यात मोडत नसत. फडक्याच्या घडीतून तिनं मान काढली आणि हलक्या आवाजात समोरच्या उजव्या पायाला म्हणाली, “पायदादा, पाणी आहे ना?”

“आहे, आहे,” तो दचकून म्हणाला. “कोण बोलतंय? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.”

समोरचा डावा पाय म्हणाला, “आहे, आहे. पण बाई, हल्ली माझ्यावर फार ओझं येतंय बघ. मागचा जरा अंग चोरतोय वाटतं.”

मागचा उजवाही तेच म्हणाला. पूर्वी तो आणि मागचा डावा अधूनमधून बोलत. पाण्याबद्दल, पावलं बधिर होण्याबद्दल. “त्याला सारखं वाटायचं की पावलं मऊ पडतायत. मी म्हटलं, पाण्यात उभे आहोत, पडणारच. मग तो बोलेनासाच झाला. मला वाटलं, रुसला.”

झाकणीनं त्याला विचारायला तोंड वळवलं. मागचा डावा पाय तिच्या अगदी पाठीशी होता. तिला टेकवलेलीच होती त्याला. वरून त्याचा हिरवा रंग शाबूत होता, कुठं ओरखडासुद्धा नव्हता. खाली त्याच्या वाटीत काठोकाठ पाणी होतं आणि पाण्यावर पिवळ्या भुकटीची साय धरलेली होती. तिनं पाण्याच्या जरा वर, जिथं ओल चढलेली होती तिथं, आपली उचललेली कड टेकवली. नुसती टेकवली. कड आत गेली, पिकल्या चिकूत सुरी जावी तशी.

ती इतकी घाबरली की वाजलीसुद्धा नाही.

एवढ्यात वरून तांब्याराव आले. मान ताठ. त्यांची संध्याकाळची फेरी होती ती, जरा लवकरच. आजचा दिवस जोखमीचा होता, म्हणून पाण्यापुरती त्यांना न हलण्याच्या कायद्यातून सूट होती.

“तांब्याराव,” ती कुजबुजली, “यात ओतू नका. नुसतं खाली बघा, एकदाच. हे लाकूड पाण्यानंच मऊ झालंय. आपणच केलंय. मुंगळे पाणी ओलांडून आलेच नाहीत हो, त्यांना पाणी आवडलं म्हणून ते आलेत.”

“पाणी नको?” तांब्यारावांना क्षणभर हसावं की रागवावं कळेना. मग त्यांना दया आली असावी. “बाळ, घाबरलीयस तू. मी जास्तीचंच घालतो, हं? म्हणजे तुला बरं वाटेल.”

त्यांनी ओतलं. वाटी वाहिली, ओल आणखी बोटभर वर चढली. पाण्याचा आवाज नीट ऐकून ते समाधानानं वर गेले.

वर बत्ता किंचित घरंगळल्याचा आवाज झाला. डावीकडे. मग थांबला. दही लागत होतं.

झाकणीनं फडकं झटकलं. आता वाजलं तर वर हलेल, न वाजलं तर सगळंच हलेल. शेवटचा चमचा त्या कललेल्या दगडीत, त्या बत्त्याखाली, आपलं दही होण्याची खटपट करत होता. तिनं वरच्या बाजूला एकदा हाक घातली. “कुणी आहे का?” पुन्हा घातली, “काकू! मावशी! अहो, कुणी तरी!” वरून नुसतं एक दीर्घ, दबलेलं “शूऽऽ” आलं. मग तिनं वर हाका मारणं सोडलं, पायाकडे वळली, आणि आपली पातळ कड त्याच्या रंगावर जमेल तितक्या हळू, पण न थांबता, वाजवू लागली. टक टक. टक टक.

“पायदादा,” ती म्हणाली. “ऐकताय ना? मी झाकणी. तुम्हाला दुखतंय हे मला ठाऊक आहे. फक्त ओ द्या. नुसतं हं म्हणा. म्हणजे मी वर जाऊन सांगेन की तुम्ही आहात, अजून आहात, तुम्हाला टेकू द्यायला हवा. पायदादा, पाणी आहे ना?”

काहीच नाही. ती सुकी पानं चुरल्याचा आवाजही थांबला होता.

“पाणी आहे ना?” तिचा आवाज फाटला. टक टक. टक टक.

आणि आतून कुणी तरी वाजवलं. टक टक.

अगदी तिच्याच तालावर. मग त्याच्यावर दुसरं, आणखी वर तिसरं, आणि पाहता पाहता ती टकटक पायाच्या आतून मजल्यामागून मजला चढत वर, वर, पार माथ्यापर्यंत गेली, एखाद्या भरल्या इमारतीत दारावरची थाप ऐकून प्रत्येक घरातून कुणी तरी उठावं तशी.

तिच्या डोळ्यांसमोर, पायाच्या हिरव्या रंगाला एक लहानसा फोड आला. तो फुटला. चिमूटभर पिवळी भुकटी खाली पाण्यात पडली, आणि त्या गोल भोकातून एका मुंगळ्यानं डोकं बाहेर काढलं. मिशांवरची धूळ त्यानं पुढच्या पायांनी सावकाश झाडली. त्याच्या मागे खोल्याच खोल्या होत्या, झाडून काढलेल्या, गुळगुळीत, एकीतून दुसरीत जाणाऱ्या. लाकूड म्हणावं असं मध्ये काही उरलेलं नव्हतं.

“आहे, आहे,” मुंगळा अगत्यानं म्हणाला. “पाण्याची इथं कधीच ददात पडली नाही. पण बाई, हे पायदादा कोण?”